कर्ज तुमचे, जामीन आम्ही : पीएफसी आणि आरईसीच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व संचालक,
पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि आरईसी,
नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्र वीज नियामक आयोग, मुंबई

विषय : कोळशावरच्या नव्या वीजसंचांना दिले जाणारे सरकारी कर्ज

स. न. वि. वि.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यातले वीजग्राहक म्हणून, वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या तुम्हा दोन सरकारी कंपन्यांना हे पत्र लिहीत आहोत. आमच्यात निर्मिती केंद्रांत नोकरी केलेले अभियंते आहेत, सरकारी बँकांत प्रकल्पकर्जाच्या फायली तपासलेले अधिकारी आहेत आणि वीजदराच्या सुनावण्यांत हरकती नोंदवणारे लोक आहेत. आमची मागणी अशी की कोळशाच्या नव्या संचांना कर्ज मंजूर करणे थांबवा, आणि जे आधीच मंजूर झाले आहे त्याचा पुढचा हप्ता सोडण्यापूर्वी खाली लिहिलेल्या अटी करारात घाला. हे मागण्याचा आम्हाला अधिकार आहे, कारण कागदावर हमी कुणाचीही असो, त्या कर्जाला जामीन आम्ही आहोत.

ते कसे, हे एका संचाच्या हिशेबातून मांडतो. ६६० मेगावॉटचा एक संच घ्या. सोयीसाठी मेगावॉटमागे ८ कोटी धरले तर खर्च ५,२८० कोटी. त्यातले ८० टक्के, म्हणजे ४,२२४ कोटी, कर्ज. व्याज १० टक्के आणि परतफेड १५ वर्षांची धरली तर पहिल्या वर्षी व्याजाचे ४२२ आणि मुद्दलाचे २८२, मिळून ७०४ कोटी होतात. संच वर्षभर ८५ टक्के भाराने चालला तर ४९१ कोटी युनिट वीज तयार होते आणि या ७०४ कोटींचा बोजा युनिटमागे १ रुपया ४३ पैसे पडतो. तोच संच ५५ टक्क्यांवर चालला तर युनिट होतात ३१८ कोटी आणि बोजा २ रुपये २१ पैसे. कोळसा, रेल्वेचे भाडे, देखभाल, भागभांडवलावरचा परतावा हे सगळे याच्या वर.

पण तुमचा हप्ता दोन्ही वेळा तेवढाच येतो. दराची रचनाच तशी आहे. संच ८५ टक्के वेळ 'उपलब्ध' असल्याचे दाखवले की वीज घेतली किंवा न घेतली, पूर्ण स्थिर खर्च वितरण कंपनीने द्यायचा. ग्राहकाच्या बिलावर 'स्थिर आकार' म्हणून जी ओळ असते ती ही नव्हे. निर्मिती केंद्राचा स्थिर खर्च महावितरणच्या वीजखरेदीत मिसळून 'वीज आकारा'तून वसूल होतो, आणि इंधन महागले की फरक 'इं.स.आ.'च्या (इंधन समायोजन आकाराच्या) ओळीत येतो. त्यामुळे बिल हातात घेऊन कितीही शोधले तरी न घेतलेल्या विजेपोटी आपण किती भरले ते ग्राहकाला कळत नाही.

आणि नवे संच कमी चालणार, हे आजच दिसते आहे. दुपारी सौरऊर्जा येते तेव्हा कोळशाच्या संचांना खाली यावे लागते. ५५ टक्के ही आजवरची तांत्रिक किमान पातळी. २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी ती टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायला सांगितली आहे. ५५ ते ६५ टक्क्यांच्या भारावर नव्या, जास्त दाबाच्या सुपरक्रिटिकल संचाचा उष्मादर (युनिटमागे लागणारी उष्णता) ३ टक्क्यांनी आणि जुन्या सबक्रिटिकलचा ६ टक्क्यांनी बिघडतो असे केंद्रीय ग्रिड संहितेतच धरलेले आहे, आणि त्या वाढीव कोळशाची भरपाईही ग्राहकाकडून घेतली जाते. रोज वर-खाली करताना बॉयलरच्या नळ्या तापतात-निवतात, जोडांना चिरा जातात, गळती होते आणि संच बंद पडतो. आमच्यातल्या अभियंत्यांना 'ट्यूब लीकेज' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नवा संच सतत पूर्ण भाराने चालेल असे गृहीत धरून कर्ज द्यायचे आणि तो चालवायचा मात्र अर्ध्या भाराने, हे तुमच्या मूल्यमापन विभागाला मान्य आहे का?

एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आठवा. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून पाठिंबा नाकारला होता. तरी करार झाला. दर डॉलरशी बांधलेला, क्षमतेचे पैसे वीज घ्या न घ्या द्यायचेच, वर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. अमेरिकेची एक्झिम बँक आणि ओपिक या सरकारी वित्तसंस्थांनी, आणि आपल्याकडच्या आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यांनी पैसा घातला. जून १९९७ मध्ये गुहागर तालुक्यातल्या वेलदूरच्या कोळीवाड्यात पहाटे पोलिस शिरले आणि विरोध करणाऱ्या बायकांना घरांतून पकडून नेले. ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या दोन्ही संघटनांनी त्या दडपशाहीची नोंद केली आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. मे २००१ मध्ये न परवडणाऱ्या दरामुळे वीज मंडळाने वीज घेणे बंद केले. त्याच डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल, वीज मंडळ आणि कर्ज देणाऱ्या संस्थांनी मिळून नवी कंपनी काढली, म्हणजे बुडालेल्या प्रकल्पात पुन्हा सार्वजनिक पैसा घातला. मग केंद्राला लागणारा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि २०१३ च्या अखेरीस १,९६७ मेगावॉटचे केंद्र परत थंड पडले. दोन्ही वेळा केंद्र बंद पडले. पहिल्यांदा वीज न परवडणारी निघाली, दुसऱ्यांदा इंधन मिळालेच नाही.

गुजरातेतले मुंद्रा तर तुमच्या घरातले उदाहरण. ४,००० मेगावॉटच्या त्या अतिविशाल प्रकल्पाची कंपनी २००६ मध्ये पीएफसीनेच स्थापन केली आणि निविदेनंतर २००७ मध्ये विजेत्या कंपनीकडे सोपवली. त्यातली ७६० मेगावॉट वीज महाराष्ट्राच्या वाट्याची, म्हणजे ती आमच्या घरांत येते. दर ठरला होता युनिटमागे सरासरी २ रुपये २६ पैसे. इंडोनेशियाचा कोळसा स्वस्तच राहणार असे धरून इंधनखर्चाचा मोठा भाग न वाढणारा म्हणून निविदेत दाखवला गेला. सप्टेंबर २०१० मध्ये इंडोनेशियाने निर्यातीचे दर जागतिक बाजाराशी जोडले आणि सगळे गणित कोसळले. वाढीव दर मिळावा म्हणून चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितले की परदेशातला कायदा बदलल्याचे कारण पुढे करून ग्राहकाकडून भरपाई मागता येणार नाही. तरीही मे २०२२ मध्ये विजेची टंचाई आल्यावर केंद्राने वीज कायद्याच्या कलम ११ खाली आयात कोळशावरचे प्रकल्प चालवायचे आदेश काढले आणि वाढीव खर्च दरात धरला गेला.

मुंद्र्याच्या किनाऱ्यावर काय झाले तेही कर्जाच्याच फायलीत होते. जागतिक बँक गटातल्या आयएफसी या वित्तसंस्थेने २००८ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. हंगामात किनाऱ्यावर येऊन राहणाऱ्या मच्छीमारांनी २०११ मध्ये तक्रार केली. यंत्रे थंड करून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने किनाऱ्याजवळची मासळी गेली, आणि सुकत घातलेल्या मासळीवर कोळशाची भुकटी बसू लागली. आयएफसीच्याच लोकपाल कार्यालयाने २०१३ मध्ये निष्कर्ष काढला की या हंगामी वस्त्यांची कर्ज देताना नीट दखल घेतली गेली नव्हती. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की अशा वित्तसंस्थांना खटल्यापासून पूर्ण संरक्षण नाही. पुढे खालच्या न्यायालयांत दावा टिकला नाही, मच्छीमारांना भरपाई मिळाली नाही. पण कर्ज देणाऱ्याला या हानीचा जाब विचारता येतो, हे त्या निकालाने नोंदले गेले.

ही दोनच उदाहरणे असती तर अपवाद म्हणता आले असते. मार्च २०१८ च्या संसदीय समितीच्या अहवालात अडचणीत आलेले ३४ औष्णिक प्रकल्प आहेत, ४०,१३० मेगावॉटचे, सुमारे १ लाख ७४ हजार कोटींच्या येणे कर्जाचे. त्यात सिन्नरचा १,३५० मेगावॉटचा प्रकल्पही होता. यंत्रे उभी राहिली, पण वीजखरेदी करार नाही, कोळसा आणायची रेल्वेलाइन अपुरी, म्हणून वर्षानुवर्षे बंद. एवढा अनुभव जमेस असताना रिझर्व्ह बँकेने मे २०२४ च्या मसुद्यात बांधकामाधीन प्रकल्पकर्जांसाठी ५ टक्के तरतूद, म्हणजे कर्ज बुडण्याच्या शक्यतेपोटी बाजूला ठेवायची रक्कम, सुचवली होती. कर्ज देणाऱ्या संस्थांनी कुरकुर केली आणि जून २०२५ च्या अंतिम नियमांत ती १ टक्क्यावर आली.

दरम्यान परदेशातला सरकारी पैसा या धंद्यातून निघून गेला. २०२१ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या गटाने परदेशी कोळसा प्रकल्पांची निर्यातकर्जे थांबवली, चीनने परदेशात नवे कोळसा प्रकल्प न बांधण्याचे जाहीर केले आणि ग्लासगोच्या हवामान परिषदेत तीसहून जास्त देश-संस्थांनी परदेशातल्या खनिज इंधन प्रकल्पांना सार्वजनिक पैसा न देण्याचे मान्य केले. ज्या जोखमीपासून बाकीचे दूर गेले ती आता प्रामुख्याने तुमच्या आणि सरकारी बँकांच्या ताळेबंदात साठणार आहे. तुमचे दोघांचे मिळून येणे कर्ज आज ११ लाख कोटींच्या पुढे आहे. अक्षय ऊर्जेला कर्ज देणाऱ्यांतही तुम्ही देशात पुढे आहात, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण एका हाताने सौरप्रकल्प उभारायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच सौरविजेमुळे अर्धा वेळ रिकामा राहणारा संच उभारायचा, याचा खर्च शेवटी एकाच बिलात येतो.

आता राखेकडे वळतो, कारण कर्जाच्या मूल्यमापनात तिला सगळ्यात कमी जागा मिळते. मघाच्याच ६६० मेगावॉटच्या संचाला ८५ टक्के भारावर युनिटमागे साधारण ६४० ग्रॅम धरून वर्षाला ३१ लाख टन कोळसा लागतो. आपल्या कोळशात ३५ टक्के राख धरली तर ११ लाख टन, रोजची ३,००० टन. २५ टनी बल्करने (बंद टँकरने) उचलायची तर रोज १२० फेऱ्या, पावसाळ्यातही. नेमकी तिथेच गाडी अडते. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, सिमेंट कारखान्यांची आणि वीटभट्ट्यांची मागणी घटते, राख पाण्यात कालवून पाइपने राखबंधाऱ्यात सोडली जाते. बंधारा भरत आला की त्याच राखेचा थर रचून कठडा उंच करतात. अशा कठड्याला चिकणमातीचा गाभा नसतो. आतले पाणी उतरवणाऱ्या विहिरी बुजल्या की कठड्यातली पाण्याची पातळी चढते, बाहेरच्या उतारावर ओल दिसू लागते, आणि दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की तिथूनच फुटतो. ही ओल बहुधा आधीच डोळ्यांना दिसते. पाण्याचा दाब मोजणाऱ्या पिझोमीटरमध्ये तर त्याच्याही आधी. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या केंद्राचा खसाळा येथला राखबंधारा फुटला, राखेचे पाणी वस्त्यांत आणि शेतांत शिरले, नाल्यांतून कोलार नदीकडे गेले. राखेत आर्सेनिक, शिसे, पारा असतो. शेतात बसलेला थर सुकला की वाऱ्याबरोबर घरात येतो.

त्याच कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉटच्या संचांसाठी २९ मे २०२३ रोजी, नागपूरच्या ऐन उन्हात, जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत कंपनीचे अधिकारी असतात, प्रदूषण मंडळाचे असतात, जिल्हा प्रशासनाचे असतात. पैसा देणारा मात्र नसतो. लोकांनी नोंदवलेल्या हरकतींना तुमच्या मंजुरीच्या टिपणीत उत्तर दिलेले असते का, हे बाहेरच्या कुणालाही पाहता येत नाही.

पाण्याचा हिशेब थोडक्यात. नव्या केंद्रांना मेगावॉट-तासामागे ३ घनमीटरची मर्यादा आहे. म्हणजे ८५ टक्के भाराने चालणाऱ्या अशा दोन संचांना रोज सुमारे ८ कोटी लिटर. माणशी १३५ लिटरच्या मानकाने हे जवळपास सहा लाख लोकांचे पाणी आहे. कार्बन डायऑक्साइड एका संचाचा वर्षाला ४४ लाख टनांच्या आसपास, म्हणजे पंचवीस वर्षांत ११ कोटी टन.

सल्फर डायऑक्साइडबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे पैशाच्या अटीने काम झाल्याचे उदाहरण आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच आहे. चिमणीतून निघालेला हा वायू हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनवतो आणि ते शेकडो किलोमीटर जातात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने मर्यादा घातली, मुदत दोन वर्षांची दिली. मग मुदत वाढत राहिली, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक संचांना गंधक-निर्मूलन यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवण्यातून वगळले. ती परवडत नाही, लवकर उभी राहत नाही, अशी कारणे दिली गेली. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्राला तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९९ मध्ये एफजीडी बसवायला सांगितले. तेव्हाही हीच कारणे पुढे आली आणि वर्षे गेली. शेवटी प्राधिकरणाने बँक हमी मागितली. त्यानंतर काम हलले आणि २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. समुद्राच्या पाण्यात नैसर्गिक अल्कता असते. धूर त्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की गंधक त्यात विरघळते आणि मग हवा खेळवून ते पाणी सोडतात. किनाऱ्यापासून दूर असेल तिथे हेच काम चुनखडीच्या लगद्याने होते, जिप्सम मिळते आणि ते सिमेंटला लागते. आमच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेतही समुद्राच्या पाण्यावरची अशी यंत्रणा कितीतरी आधीपासून आहे. २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात नवी मुंबई आणि चंद्रपूर ही दोन्ही ठिकाणे ७० च्या वर, 'अतिप्रदूषित' गटात होती. चंद्रपूरच्या लोकांना हवेबद्दल काय वाटते हे समजायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही.

सरकारने सूट दिली म्हणून कर्ज देणाऱ्यानेही द्यायला हवी असे कुठल्याच कायद्यात नाही. म्हणून आमच्या अटी अशा.

मंजुरीपूर्वी ६० दिवस मूल्यमापनाची टिपणी मराठीत संकेतस्थळावर टाका. त्यात ८५, ७० आणि ५५ टक्के भारावरचा युनिटचा पूर्ण खर्च दाखवा आणि त्याच्या शेजारी सौर अधिक चार तासांची बॅटरी यांचा. डिसेंबर २०२४ मध्ये सेकी या सौरविजेच्या केंद्रीय सरकारी कंपनीच्या निविदेत २,००० मेगावॉट सौर आणि ४,००० मेगावॉट-तास साठवण मिळून ३ रुपये ५२ पैसे दर आला. २०२५ मध्ये राज्यांनी केलेले कोळशाचे नवे करार सव्वापाच रुपयांच्या वरच आहेत. आषाढ-श्रावणात सलग आठवडाभर आभाळ भरलेले असते तेव्हा चार तासांची बॅटरी पुरणार नाही, हे आम्हालाही माहीत आहे. त्यासाठी आज उभे असलेले संच आहेत. ते उद्याच बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पंचवीस वर्षांचे नवे कर्ज घेऊन आणखी बांधू नका, एवढेच म्हणतो.

जे कर्ज मंजूर झालेच आहे, त्यात एफजीडीचा खर्च मूळ प्रकल्पखर्चातच धरा. नंतर बसवायची म्हटले की चिमणी, डक्ट, पंखे सगळे पुन्हा करावे लागते आणि संच काही आठवडे बंद ठेवावा लागतो. राखेसाठी प्रकल्पाच्या ट्रस्ट अँड रिटेन्शन खात्यात (प्रकल्पाचे उत्पन्न जमा होणाऱ्या, कर्जदात्यांच्या नियंत्रणातल्या खात्यात) वेगळी राखीव रक्कम अडकवा. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत न उचललेल्या राखेला टनामागे १,००० रुपये भरपाई आहे, त्या हिशेबाने एका संचाच्या एका वर्षाच्या राखेचे ११० कोटी. लाभांश देण्याआधी ही रक्कम भरलेली असली पाहिजे. तुमचा स्वतंत्र अभियंता दर तिमाहीला हप्त्यासाठी बांधकामाची प्रगती तपासतो, त्याच भेटीत त्याने राखबंधाऱ्याचे पिझोमीटरही वाचावेत, आणि ३१ मेपर्यंत पावसाळापूर्व अहवाल गावच्या ग्रामपंचायतीला द्यावा. अहवाल नाही तर हप्ता नाही. खर्च वाढला म्हणून जादा कर्ज मागितले तर बांधकामकाळातले व्याज धरून नवा दर किती होतो ते आयोगाला आणि आम्हाला कळवल्याशिवाय देऊ नका. आणि तुमच्या कर्जातून किती उत्सर्जन झाले ते सेबीला द्यायच्या बीआरएसआर या पर्यावरण-जबाबदारीच्या वार्षिक अहवालात लिहा. ते आज ऐच्छिक आहे, पण आकडे तुमच्याकडेच असतात.

पैसा कुठे जाऊ शकतो याचे उदाहरण आमच्या इमारतींच्या गच्चीवर आहे. एखाद्या सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी २५ किलोवॉटचे सौरपॅनल बसवायचे तर सुमारे अडीच हजार चौरस फूट गच्ची लागते, रोज सरासरी १०० युनिट मिळतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे १८,००० प्रमाणे साडेचार लाखांचे अनुदान आहे. उरलेले सात-आठ लाख उभे करायला सोसायटी सरकारी बँकेत जाते तेव्हा कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे झाल्याचा दस्त, मागितला जातो. ठाण्यात असंख्य सोसायट्यांचे कन्व्हेयन्स बिल्डरकडे अडकलेले आहे, मानीव अभिहस्तांतरणाचे अर्ज रेंगाळतात. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, म्हणून तिथे ना-हरकत दाखला हवा. तारण नाही म्हणून फाइल परत येते. मासिक देखभालीची वसुली नियमित असलेल्या सोसायटीला त्या वसुलीच्या खात्यावर, तारणाशिवाय, सात वर्षांच्या मुदतीने कर्ज देण्याची पुनर्वित्त योजना तुम्ही आखू शकता. वाचलेल्या वीजबिलातून हप्ता फिटतो, आणि यात इंधनाचा दर कुणी बदलू शकत नाही.

शेवटी तुमच्या पैशाबद्दल. घोडबंदर रोडला किंवा नेरुळला कुणी जुने घर विकले की सीए सांगतो, सहा महिन्यांच्या आत '५४ ईसी'चे बॉण्ड घ्या, ५० लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीवर भांडवली नफ्याचा कर वाचतो. पाच वर्षे पैसे अडकतात, व्याज सव्वापाच टक्के. सरकार कर सोडते म्हणून तुम्हाला इतका स्वस्त पैसा मिळतो, आणि आजवर तो मुख्यतः आरईसी आणि पीएफसीकडेच जात आला. जुलै २०२५ पासून इरेडा या अक्षय ऊर्जेला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचे बॉण्डही याच कलमाखाली आले आहेत आणि तो पैसा अक्षय ऊर्जेलाच जातो. व्याज, मुदत, करसवलत सारखीच. आमच्या सोसायट्यांत आणि आमच्या ओळखीच्या करसल्लागारांकडे आम्ही हा फरक लेखी स्वरूपात पोहोचवतो आहोत. ९० दिवसांत तुमच्याकडून पुढील चार कागद आले तर तेही त्याच पत्रकासोबत जसेच्या तसे देऊ : महाराष्ट्रातल्या कोळसा संचांवरच्या तुमच्या येणे आणि मंजूर कर्जांची प्रकल्पवार यादी, कोराडीच्या नव्या संचांसाठी तुमच्याकडे अर्ज आला असल्यास त्याची मूल्यमापन टिपणी, स्वतंत्र अभियंत्याचे राखबंधाऱ्यांवरचे शेवटचे अहवाल, आणि ५४ ईसीतून जमा झालेल्या रकमेच्या विनियोगाचा तपशील.

आपले,
ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ आणि बेलापूर येथील वीजग्राहक